नवीन स्मार्ट मीटरचा रिव्ह्यू : मीटर ठीक आहे, आधी घरातलं न्यूट्रल (करंट परत जायची वायर) तपासा

आमच्याकडं परभणीत गल्लोगल्ली जुनी मीटरं काढून स्मार्ट मीटर लावायचं काम चालूय आणि जिकडं जावं तिकडं एकच बोलणं, मीटर पळायलंय, बिल डबल आलं, हे काढून न्या. आमच्या घरात दोन मीटर आहेत, खाली आमचं आणि वरच्या मजल्यावर थोरल्या जाऊबाईंचं, दोन्ही एकाच दिवशी बदलले आणि दोन्ही बिलांचा हिशोब मीच ठेवते, म्हणून सविस्तर लिहायलेय. आधी मत सांगून टाकते. मीटर हे जे यंत्र आहे ते मला पटलं, ५ पैकी ४. ते बसवून द्यायची जी पद्धत आहे आणि नंतर तक्रार घेऊन गेल्यावर जी उत्तरं मिळतात त्याला १ द्यायचंही जीवावर येतं.

बसवायला ठेकेदाराची पोरं आली ती भर दुपारी, घरात सासूबाई एकट्या. आजी जरा वेळ लाईट जाईल एवढंच सांगितलं आणि जुनं मीटर काढून पिशवीत घातलं. सासूबाईंनी विचारलं की बाळांनो जुन्यावरचा आकडा कुठं लिहून दिला, तर म्हणे मोबाईलमध्ये फोटो घेतलाय आजी, सगळं ऑनलाईन असतंय. कागद नाही, पावती नाही, नव्या मीटरवर काय काय दिसतं ते सांगणं तर लांबच. मी दर महिन्याच्या एक तारखेला दोन्ही मीटरचे फोटो काढून ठेवते म्हणून आमच्याकडं पुरावा होता, पण गल्लीत कितीतरी जणांकडं काहीच नाही आणि जुनं मीटर एकदा गेलं की ते परत बघायला मिळत नाही. तेव्हा ज्यांचं अजून बदलायचंय त्यांनी एवढं करा, जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा मीटर नंबर दिसेल असा फोटो काढा, नव्या मीटरचा सुरुवातीचा आकडा आणि सीलचा फोटो काढा, आणि मीटर बदलल्याच्या रिपोर्टवर आकडे वाचल्याशिवाय सही करू नका, घरात म्हातारी माणसं एकटी असतील तर सरळ सांगा संध्याकाळी या.

हे का म्हणते तर पहिलं बिल बहुतेक वेळा तिथंच फुगतं. त्या बिलात दोन मीटरचे युनिट असतात, जुन्याचे राहिलेले अधिक नव्याचे. आपल्याकडं कितीतरी घरांना महिनोन्महिने सरासरी बिल येत होतं, कुलूप होतं, काच धुरकट होती, मीटर फॉल्टी होतं, काही ना काही कारण. मंग मीटर काढताना खरा आकडा निघतो आणि इतक्या महिन्यांचा फरक एकदम अंगावर येतो. त्यात स्लॅबची भानगड, घरगुतीला पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चा दर जवळपास दुप्पट, त्याच्या पुढं ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर आणखी. साचलेले युनिट एकाच महिन्यात धरले तर ते वरच्या दरात जातात. ते जितक्या महिन्यांचे आहेत तितक्या महिन्यांत विभागून प्रत्येक महिन्याला स्लॅबचा फायदा मागायचा, हा तुमचा हक्क आहे, तोंडी नाही तर अर्जात लिहून मागा. आणि बिलावरचा मीटर नंबर भिंतीवरच्या मीटरशी जुळतो का तेही बघा, एकाच दिवशी शेजारीशेजारी मीटर बसले की कधी कधी एकाचा नंबर दुसऱ्याच्या ग्राहक क्रमांकाला जोडला जातो आणि मंग तुम्ही शेजाऱ्याच्या कूलरचं बिल भरत बसता. अपार्टमेंटवाल्यांनी तर हे पहिल्याच बिलाला बघायचं.

आता मीटर खरंच पळतं का. मी नुसतं ऐकून गप्प बसले नाही, तपासलं, आणि हे कुणालाही घरी जमतं. मीटरवर एक लाल लाईट लुकलुकते, तिच्याजवळ ३२०० इम्प असा आकडा छापलेला असतो, काही मीटरला १६०० असतो. याचा अर्थ ३२०० वेळा लुकलुकली की एक युनिट. घरातलं सगळं बंद करायचं, फ्रीज आणि इन्व्हर्टर सुद्धा, इन्व्हर्टर लोक विसरतात. मंग पाणी तापवायचा १००० वॅटचा रॉड बादलीत लावायचा आणि मोबाईलवर एक मिनिट लावून लुकलुकणं मोजायचं, ३२०० च्या मीटरला हिशोबानं ५३ च्या आसपास भरायला पाहिजे. (पाण्यात हात घालू नका आणि लेकरांना तिथं उभं करू नका.) आमच्या मीटरवर मी दुपारी मोजलं तर ४० च भरले. पळायचं सोडा, मीटर तर हळू चालायलंय असं वाटलं. मंग मीटरचं बटन दाबत दाबत व्होल्टेजवर गेले तर २०० दिसलं. आमच्याकडं उन्हाळ्यात दुपारी डीपीवर (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर) इतका लोड असतो की व्होल्टेज २३० कधी मिळतच नाही, आणि व्होल्टेज २०० वर आलं की १००० वॅटचा रॉड ७५० वॅटच ओढतो, त्या हिशोबानं ४० च बरोबर आहेत. म्हणजे मीटर जे खरं गेलं तेच मोजत होतं. या मीटरांसाठी आयएस १६४४४ असं भारतीय मानक आहे, घरगुती मीटर क्लास १ चं असेल तर चूक साधारण एक टक्क्यात राहायला पाहिजे, एवढी बारीक चूक अशा घरच्या मोजणीत कळत नाही, पण आमचं पळत तरी नाही.

बटन दाबल्यावर बरेच आकडे येतात आणि त्यात लोक घाबरतात. एक केडब्ल्यूएच, ते आपले युनिट, घरगुती बिल यावरच होतं. दुसरं केव्हीएएच, हा आकडा नेहमी थोडा जास्तच असतो, त्याचा फोटो काढून बिलाशी ताडून बघितला तर हिशोब कधीच जुळणार नाही. एमडी म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती लोड गेला ते. बाकी तारीख, वेळ, व्होल्टेज, अँपिअर. तारीख आणि वेळ बरोबर आहे का हे मात्र नक्की बघा, का ते पुढं सांगते.

मंग बिल वाढलं कशानं? काही घरांत जुनं चाकाचं मीटर झिजून हळू चालत होतं, इतकी वर्षं बिल कमी येत होतं ते आता बरोबर यायलंय, हे ऐकायला कुणाला आवडत नाही पण तसं आहे. चाकाच्या मीटरला बारीक लोड कळायचाही नाही, सेट टॉप बॉक्स आणि वायफाय मिळून १८ वॅट धरले तरी चोवीस तास चालू राहून महिन्याला १३ युनिट होतात. आणि ऋतू बघा ना राव. मीटर लागलं मार्चला, बिल बघितलं मे चं, २०० वॅटचा कूलर सोळा तास चालला तर तो एकटाच महिन्याला ९६ युनिट खातो, आणि आपल्या उन्हाळ्यात सोळा तास म्हणजे काहीच नाही. तुलना करायची तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, तीही रुपयांत नाही, युनिटमध्ये करा, कारण रुपयांत स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क असं सगळं असतं आणि ते दर मीटरच्या हातात नसतात.

पण जाऊबाईंच्या मीटरचं असं काहीच नव्हतं आणि खरं तर त्यासाठीच एवढं लिहायलेय. उन्हाळ्यात त्या आणि भाऊजी पुण्याला लेकाकडं गेले, वरच्या घराला कुलूप, फ्रीज रिकामा करून बंद, मेनचा एमसीबी मी स्वतः खाली पाडलेला. तरी १६० च्या वर युनिटचं बिल आलं. मेन बंद असताना! मी मीटरपाशी जाऊन बघितलं तर लाल लाईट लुकलुकत होती आणि डिस्प्लेवर अर्थचं (अर्थिंगचं) चिन्ह दिसत होतं. वीज कंपनीच्या ऑफिसात गेले तर खुर्चीवरच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं की मॅडम मीटर नवीन आहे, चुकत नाही, घरात काहीतरी चालू असेल, बिल भरून टाका. मी म्हणलं साहेब घराला कुलूप आहे, येऊन बघा. कुणी आलं नाही.

आले ते आमच्या गल्लीतले वायरमन दादा, हातात टाँग टेस्टर, म्हणजे वायरला चिमटा लावून करंट मोजायचं यंत्र, घेऊन. त्यांनी जाऊबाईंच्या मीटरमधून निघणाऱ्या फेजच्या वायरला चिमटा लावला, शून्य. न्यूट्रलच्या वायरला लावला, पावणेतीन अँपिअर. मला म्हणले ताई तुमची खालची मोटर चालू आहे का, चालू होती, मी बंद केली आणि वरच्या मीटरची लाईट थांबली, अर्थचं चिन्ह पण गेलं. परत चालू केली, परत लुकलुक. मी तिथंच उभी राहून चार-पाच वेळा चालू-बंद करून बघितलं, प्रत्येक वेळी तसंच.

झालं होतं असं की घर एकच होतं तेव्हा वायरिंग एक होती. वाटण्या झाल्या तेव्हा वर वेगळं मीटर घेतलं, फेज वेगळा केला, पण न्यूट्रल एका जंक्शन बॉक्समध्ये एकत्रच राहिला. करंट फेजनं घरात येतो आणि न्यूट्रलनं परत जातो, आता परतीचे रस्ते दोन, म्हणून आमच्या मोटरचा अर्धा करंट आमच्या मीटरमधून परत जायचा आणि अर्धा जाऊबाईंच्या. जुनी चाकाची मीटरं फक्त फेजचा करंट मोजायची त्यामुळं इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. ही नवी मीटरं चोरी पकडायला म्हणून फेज आणि न्यूट्रल दोन्ही मोजतात आणि दोन्हीत जो जास्त असेल त्यावर युनिट धरतात. आमच्या मीटरला फेजमध्ये पूर्ण साडेपाच अँपिअर दिसायचे म्हणून आम्हाला पूर्ण बिल, जाऊबाईंच्या मीटरला न्यूट्रलमध्ये पावणेतीन दिसायचे म्हणून त्यांना त्याच मोटरचं अर्धं बिल. एकच वीज आणि तिचे दीडपट पैसे. एमसीबी पाडून उपयोग नव्हता कारण तो सिंगल पोल, फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो.

वायरमन दादांनी जंक्शन फोडून दोन्ही न्यूट्रल वेगळे केले, दोन्हीकडं डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) मेन बसवला आणि त्या दिवसापासून वरचं मीटर बंद घरात अगदी गप्प आहे. आपल्या मराठवाड्यात असे वाटण्या झालेले वाडे आणि घरं किती आहेत सांगा, भावाभावांत न्यूट्रल एकच, कुठं देवघराची लाईट धाकट्याच्या मीटरवर आणि न्यूट्रल थोरल्याचा, कुठं इन्व्हर्टर एकाचा आणि दोन खोल्या दुसऱ्याच्या. आमच्या माहितीत एका घरी तर यावरून भांडण झालं, धाकटा म्हणतो वहिनीनं माझ्या मीटरवरून लाईट घेतली. कुणी घेतलेली नसते हो, वायर तशी पडलेली असते! घरातल्या घरात मनं दुखावण्याआधी एकदा टाँग टेस्टर लावून बघा, वायरमनला पाच मिनिटं लागतात. घरात मेन बंद आणि लाईट लुकलुकतेय किंवा अर्थचं चिन्ह आहे, एवढी खूण पुरे. बोअरच्या मोटरची केबल पाण्यात उतरून लीक असेल किंवा कुणी न्यूट्रलच्या जागी अर्थिंग वापरलं असेल तरी हेच चिन्ह येतं, ते तर जीवाला पण धोक्याचं आहे, त्याला उद्यावर ढकलू नका.

दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे मीटरखालची वायर. घाईत बसवलेल्या मीटरला टर्मिनलचे स्क्रू ढिले राहतात, ॲल्युमिनियमची वायर असली की आणखीच, मंग तिथं गरम होऊन प्लास्टिक वितळतं, जळका वास येतो, लाईट फडफडते. असं दिसलं तर स्वतः सील तोडू नका, मीटरचं झाकण उघडलं की त्याची नोंद मीटरमध्येच होते आणि उलट तुमच्यावरच संशय येतो. १९१२ वर तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.

आता वीज कंपनीच्या ॲपबद्दल. मीटर पंधरा मिनिटांच्या किंवा अर्ध्या तासाच्या टप्प्यानं वापर साठवत असतं आणि सिमकार्डनं किंवा रेडिओनं पुढं पाठवतं, तो ॲपमध्ये दिसतो. मला हे सगळ्यात आवडलं, कुठल्या दिवशी किती गेलं ते कळतं. पण रेंज पाहिजे. माझं माहेर गंगाखेडच्या पुढं आहे, तिथं फोनला रेंज यायला गच्चीवर जावं लागतं, मीटरची काय गत असेल, दोन-दोन दिवस ॲपमध्ये शून्य आणि मंग एकदम मोठा आकडा. तो आकडा बघून घाबरू नका, मीटरच्या मेमरीत हिशोब असतो, रेंज आली की साचलेलं वर जातं. फक्त महिनाअखेर रेंज नसल्यामुळं सरासरी बिल आलं तर ते मुकाट्यानं मान्य करू नका, डिस्प्लेचा फोटो घेऊन जा आणि दुरुस्त करून मागा.

प्रीपेडचं पण लोकं सारखं विचारायलेत. केंद्राच्या आरडीएसएस या वीज वितरण सुधारायच्या योजनेत मीटर प्रीपेडच धरलेले होते हे खरंय, पण विरोध झाला आणि २०२४ च्या जूनमध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. आमच्या दोन्ही मीटरना आधीसारखंच महिन्यानंतर बिल येतं, रिचार्ज करावा लागत नाही. लाईट लांबूनच बंद करता येते हे मात्र खरं, पण वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणं बिल थकलं तरी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते, मीटर स्मार्ट आहे म्हणून तो नियम बदलला नाही.

फायदा काय तर दिवसाची सवलत. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये वापरलेल्या युनिटला ८० पैसे सूट ठरली, आणि ती टप्प्याटप्प्यानं १ रुपयापर्यंत जाणार. आता मी मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री सगळं नऊनंतर करते, महिन्याला या वेळेत ६० युनिट गेले तर ८० पैशांच्या हिशोबानं ४८ रुपये वाचतात. फार मोठी रक्कम नाही, आणि नवरा-बायको दोघं नोकरीला किंवा रानात जाणारी असतील तर दिवसा घर बंद, त्यांना काय मिळणार. पण उन्हाळ्यात कूलर दिवसाच चालतो, तेव्हा बरा फरक पडतो. आणि म्हणूनच वर म्हणलं की मीटरचं घड्याळ बघा, घड्याळ चुकलं तर सूट चुकीच्या तासांना लागेल. बिलावर त्याची ओळ वेगळी येते, ती आहे का ते बघत जा.

तक्रार करायची तर तोंडी करूच नका, काउंटरवरचं उत्तर तिथंच हवेत जातं. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. २०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत बदल झालाय, रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली की कंपनीनं पाच दिवसांत दुसरं मीटर जोडून किमान तीन महिने वापर पडताळायचा. हा नियम अर्जात लिहा, ऑफिसात बऱ्याच जणांना तो सांगावा लागतो. जागेवर ॲक्युचेकनं (मीटर तपासायच्या यंत्रानं) तपासणी मागता येते. बिलावर वाद असेल तर कलम ५६ मध्येच सोय आहे, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, जी कमी असेल ती, हरकत नोंदवून भरायची, मंग वाद मिटेपर्यंत लाईट तोडता येत नाही. तिथं ऐकलं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल, वकील लावायलाच पाहिजे असं नाही.

जाऊबाईंच्या वतीनं मी अर्ज दिलाय, टाँग टेस्टरचे फोटो आणि मोटर चालू-बंद केल्याचा व्हिडीओ जोडून. कंपनीचं म्हणणं की न्यूट्रल घरातला आहे, दोष तुमच्या वायरिंगचा. वायरिंग आमची होती हे मान्य, पण दोन्हीकडून मोजणारं मीटर तुम्ही आणलं, ते बसवताना मेन पाडून लाईट लुकलुकते का एवढं बघायला आणि घरच्या माणसाला दाखवायला किती वेळ लागतो? जुनं मीटर काढायच्या आधी एकदा टाँग टेस्टर लावायचा, न्यूट्रलमध्ये दुसऱ्याचा करंट दिसला तर घरमालकाला कागदावर लिहून द्यायचं आणि वायरिंग नीट करायला आठ दिवस द्यायचे. ठेकेदाराच्या कामातच हे घालायला पाहिजे, अर्जात शेवटी मी तीच मागणी लिहिलीय, आणि तुमच्या गल्लीत पोरं मीटर घेऊन आली तर त्यांच्यासमोर मेन पाडून ती लाल लाईट बघायला सांगा, मंगच सही करा.